बंद दाराआडची साक्ष

९ सप्टेंबर १९७४, सोमवार

सिनेटर ब्रॅकेट यांची खोकी आली. हमालांनी ती ट्रकमधून उतरवून थेट तळघरात रचली. आमच्या ग्रंथपाल लॉईडसाहेबांनी जिन्यावरूनच हात दाखवला, “मिस ह्रिन्को, हे आता तुमचं राज्य.” राज्य कसलं, गुहा आहे ती. एकच खिडकी, तीही छताला टेकलेली. तिच्यातून फुटपाथवरच्या लोकांचे फक्त बूट दिसतात.

मी मुळात भित्री. लिफ्टला भिते, कुत्र्यांना भिते, लॉईडसाहेबांच्या घसा खाकरण्यालाही भिते. पण हे काम मला हवंच होतं. सिनेटरनी आमच्या या वॉरेटन गावात लॉन्ड्री कामगारांच्या युनियनची चौकशी केली, आणि त्या युनियनवर नजर ठेवायला सरकारने जे खातं नेमलं होतं त्याचीही. साल अठ्ठावन्न. मी तेव्हा दूर कॉलेजात होते. तिथे ते भाषणाला आले होते. “सरकारवर कुणीतरी डोळा ठेवलाच पाहिजे,” असं म्हणाले आणि अख्खा हॉल उभा राहिला. मीसुद्धा. आता ते नाहीत. त्यांच्या मुलाने, रॉजरने, सगळे कागद कॉलेजच्या ग्रंथालयाला दिले. ते लावून ठेवायचं काम माझं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कोबी चिरत होती.

“दुसरं कुणी नाही का तिथे?” म्हणाली.

“अगं, मला मुद्दाम दिलंय.”

“तळघरात ओल असते. तुझी छाती.”

माझ्या छातीला काही झालेलं नाही. आज सूपमध्ये मीठ दोनदा पडलं होतं. वय होत चाललंय तिचं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वॉल्टर स्ट्राउडची फाइल उघडली. हा युनियनचा पुढारी. गावातल्या सगळ्या लॉन्ड्र्यांमध्ये वाफेत उभ्या राहणाऱ्या बायका पगारातून आजारपणाच्या फंडाला पैसे द्यायच्या, आणि तो फंड हा माणूस खायचा. फंड तपासायला सरकारी निरीक्षक होता, लॉरेन्स फॅलन. त्याला म्हणे कधी काही सापडलंच नाही. हाच फॅलन आता न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला उभा आहे. कॉलेजच्या फाटकासमोर त्याचं हसरं पोस्टर आहे.

हुडाक नावाचा लॉन्ड्रीचा व्हॅन-ड्रायव्हर होता. तो उघडपणे बोलायचा. मार्च महिन्यात नदीत सापडला. वर्तमानपत्राच्या कात्रणात ‘पाय घसरून’ असं छापलंय.

आणखी एक जण होता. त्याची साक्ष सिनेटरच्या चौकशी समितीने बंद दाराआड घेतली. कागदांत त्याला फक्त ‘साक्षीदार’ म्हटलंय, नाव काळ्या शाईने खोडून टाकलंय. कोण असेल हा माणूस? मला वाटतं युनियनचाच हिशेबनीस असावा. कुठेतरी दूर, उन्हाच्या गावी राहत असेल बिचारा.

आई तेव्हा युनियनच्या ऑफिसात टेलिफोन बोर्डावर होती. त्याच वसंतात कान दुखतात म्हणून तिने नोकरी सोडली. तिला विचारलं, “तू तर तिथेच होतीस. कोण असेल तो?”

“वायर घालायची, वायर काढायची. मला काय ठाऊक?” मग, “कुठल्या सालापर्यंत आलीस तू?”

म्हटलं, अठ्ठावन्न. तिने मान हलवली. बरं वाटलं. कधी नव्हे ती माझ्या कामाची चौकशी करते आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज एक गृहस्थ आले. केनेथ गार्वी. वॉरेटनच्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिताहेत. करडा सूट, वागणं इतकं मऊ की मलाच अवघडल्यासारखं झालं. “मिस ह्रिन्को, तुमच्यासारखी माणसं नसती तर सगळा इतिहास उंदरांनी खाल्ला असता,” म्हणाले. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

खोकी अजून खुली नाहीत असं सांगितलं. “मग मी वाट बघतो,” म्हणाले, आणि खरंच वाचनकक्षात बसून राहिले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज लिपस्टिक लावून गेले. आईने पाहिलं. मी निघताना तिने पडदे ओढून घेतले. उजेडाने डोळे दुखतात म्हणाली. आधी कान, आता डोळे.

२५ सप्टेंबर, बुधवार

गार्वींबरोबर कॅन्टीनमध्ये कॉफी घेतली. बंद दाराआडच्या साक्षीबद्दल त्यांना फार उत्सुकता. ती साक्ष टेपवर घेतली होती का, टेप खोक्यांत आहे का, असं दोन-तीनदा विचारलं. म्हटलं, अजून दिसली नाही. मग म्हणाले, “त्या ऑफिसात वावरलेलं कुणी हयात असेल का हो? इतिहासाला माणसांचे आवाज हवेत.”

मला आनंदच झाला. “माझी आईच! टेलिफोन बोर्डावर होती. स्ट्राउडचे सगळे फोन तिच्या हातून जायचे.”

त्यांचं पेन थांबलं. “तुमच्या आई,” म्हणाले. “बाईमाणूस. टेलिफोनवर.” मग हसले. “आणि इतकी वर्षं आम्ही...” वाक्य तिथेच सोडून त्यांनी कॉफीचे पैसे दिले.

बाकी सगळं लिहून घेतात. हे मात्र लिहिलं नाही. विसरले असावेत. रविवारी घरी या म्हटलंय.

२९ सप्टेंबर, रविवार

लाजेने मेल्यासारखं झालं.

गार्वी आमच्या स्लोव्हाक बेकरीतला अक्रोडाचा रोल घेऊन आले. कुणाकडून चौकशी केली कोण जाणे, आईला तो आवडतो हे त्यांना ठाऊक होतं. मी आधी सांगितलेलं असूनही आई त्यांना बघून म्हणते, “नळवाला आला वाटतं!”

“आई, हे मिस्टर गार्वी.”

“हॅ?” कानामागे हात. “आत या, आत या. मोरीतला नळ रात्रंदिवस गळतो.”

ते बसले. खुर्ची पुढे ओढून मोठ्याने म्हणाले, “बाई, स्ट्राउडसाहेब आठवतात का तुम्हाला?”

“स्टोव्ह? स्टोव्ह चांगला आहे. नळ गळतो.”

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. गार्वी मात्र हसले नाहीत, रागावले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले. मग आवाज अजिबात न चढवता, अगदी हळू म्हणाले, “आणि हुडाक?”

आईच्या हातात कप होता. तो तिने बशीत ठेवला. इतका सावकाश, की आवाज झाला नाही.

“काय म्हणतोय हा?” ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग त्यांना, “नाही हो, माझी ॲग्नी मोठ्याने बोलते, तिचंच ऐकू येतं मला.”

ते गेल्यावर मी रडले. “तुला काय झालंय गं आई?”

तिने अख्खा रोल कचऱ्याच्या डब्यात टाकला. “या माणसाला पुन्हा घरात आणू नकोस.”

“का पण?”

“त्याचे बूट बघितलेस? नवे कोरे. इतिहास लिहिणाऱ्याला कुठून परवडतात?”

हे काय उत्तर झालं? मी आतल्या खोलीत रेडिओ अगदी बारीक लावला, तर स्वयंपाकघरातून ओरडली, “बंद कर ते, डोकं दुखतंय!” तिला डॉक्टरांकडे नेलं पाहिजे. कान नाही, डोकंच बिघडत चाललंय की काय, अशी भीती वाटते.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी तळघरात गेले तर अठ्ठावन्न सालच्या खोक्यांच्या दोऱ्या कापलेल्या. कागद आत होते, पण मी लावलेल्या क्रमाने नव्हते. लॉईडसाहेबांना बोलावलं.

“उंदीर असतील.”

“उंदीर सुरीने कापतात का?”

त्यांनी घसा खाकरला. तळघराची किल्ली माझ्याकडे एक आणि दरवानाकडे एक. दरवान माझ्याकडे बघेना.

दुपारी काम करत होते. मान वर केली तर खिडकीत बुटांचा एक जोड थांबलेला. बाकीचे बूट येत होते, जात होते. हे हलत नव्हते. बुटांची टोकं आत, माझ्या दिशेने. मी दिवा घालवला आणि खोक्यांमागे जमिनीवर बसून राहिले. भूक लागली तरी डबा घ्यायला उठले नाही. ते कधी गेले कळलं नाही.

नवे कोरे होते, हे आता लिहिताना आठवतंय. पण नवे बूट काय कुणाचेही असतील.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

थंडी पडायला लागली म्हणून आईचा हिवाळ्याचा कोट ड्रायक्लीनला दिला होता, तो आज आणला. दुकानदाराने कागदात गुंडाळूनच दिला. पैसे घेईना. घरी उघडला तर दोन्ही बाह्या नाहीत. खांद्यापासून कापलेल्या, अगदी सरळ, शिंप्याने कापाव्यात तशा.

मी लगेच फोन केला. “यंत्रात अडकल्या,” म्हणाला आणि ठेवून दिला.

“दोन्ही? एकदम? मी तक्रार करते,” मी म्हटलं.

आईने कोट घडी घालून कपाटात ठेवला. “तक्रार करू नकोस.” मग म्हणाली, “आजपासून माझ्या खोलीत झोप. गारठा फार आहे.”

यंत्रच असेल. दुसरं काय असणार?

७ ऑक्टोबर, सोमवार

लॉईडसाहेबांनी वर बोलावलं. टेबलावर रॉजर ब्रॅकेटचं परवानगीपत्र. बंद ठेवलेले सगळे कागद आणि टेप संशोधकांसाठी आजपासून खुले. वडिलांनी पन्नास वर्षं बंद ठेवायला सांगितलं होतं, पण हक्क मुलाकडे आहे. गार्वींनीच ते मिळवून आणलं. शुक्रवारी ते टेप ऐकणार.

“रॉजरला फॅलनच्या पक्षाकडून तिकीट हवंय म्हणे,” लॉईडसाहेब पुटपुटले. मग दचकून दाराकडे बघितलं, “मी काही बोललो नाही.”

टेप सापडली. सिनेटरच्या टोप्यांच्या डब्यात होती, म्हणून इतके दिवस दिसली नाही. ज्याने दोऱ्या कापल्या त्यालाही नाही. यंत्रावर चालते का हे आधी बघून ठेवलं पाहिजे.

९ ऑक्टोबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत दार आतून लावलं, कानाला हेडफोन लावले, टेप सुरू केली.

आधी सिनेटरचा आवाज, तोच, भाषणातला. “घाबरू नका. इथे बोललेलं या खोलीतच राहील.”

मग एक बाई बोलली.

बाई! इतके दिवस मी ‘तो’, ‘तो’ लिहीत होते. पहिल्या वाक्याला मी एवढंच म्हटलं, अरे, ही तर बाई आहे. दुसऱ्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या वाक्याला ती म्हणाली, “नाही, मला पाणी नको,” आणि ते ‘नको’ मी जन्मापासून ऐकत आले आहे.

मी यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केलं. आईच.

बोर्डावर बसून तिने जे जे ऐकलं ते सांगत होती. स्ट्राउड फॅलनला विचारतो, “फंड तपासायला कधी येतोस?” आणि फॅलन म्हणतो, “तू तयार करून ठेवलास की.” दोघं हसतात. कुणाला किती, कुठल्या हॉटेलात. मग तिचा आवाज खाली आला.

“परवा हुडाकबद्दल बोलले. स्ट्राउडसाहेब म्हणाले, त्याचं तोंड फार चालतं. फॅलनसाहेब म्हणाले, मग बंद कर, ते काय माझं खातं आहे? सिनेटरसाहेब, त्या पोराला वाचवा. त्याला गावाबाहेर पाठवा. मी पाया पडते.”

“बघतो मी,” सिनेटर म्हणाले.

तारीख फेब्रुवारीची आहे. हुडाक मार्चमध्ये सापडला.

टेपवर दार लागल्याचा आवाज आला. आई गेली असावी. यंत्र बंद करायला कुणीतरी विसरलं होतं. सिनेटर कुणाला तरी म्हणाले, “हे बाहेर जायला नको. फॅलनच्या माणसांची मतं लागणार आहेत आपल्याला.” कदाचित दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतील. मागचं-पुढचं ऐकल्याशिवाय कसं सांगणार? पण पुढे टेप संपली आहे.

मी तशीच घरी आले. कोट न घालता. आई भांडी घासत होती.

“आई, मी टेप ऐकली.”

तिने नळ बंद केला. पाठमोरीच उभी राहिली.

“माझा आवाज कसा वाटला?”

“तरुण,” म्हटलं.

“घाबरले होते मी. कळतं का ते?”

“नाही. नाही कळत.”

“बरं झालं.” हात पुसत खुर्चीवर बसली. अगदी नीट ऐकू येत होतं तिला. सगळंच. तो नळवाला, तो स्टोव्ह, आणि मी मूर्ख! कॉफी पीत पीत मी स्वतःच्या तोंडाने आईला त्या माणसाच्या हवाली केलं. मी तिच्या पायाशी बसले आणि तेच तेच बोलत राहिले, की शुक्रवारच्या आत ती टेप पुसून टाकते, यंत्रावर पाच मिनिटांचं काम आहे, गार्वीला सांगते खराब निघाली.

तिने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

“कुणाला विचारून पुसणार?”

“आई, ते तुला...”

“हुडाक रोज बोर्डापाशी यायचा. माझ्यासाठी संत्रं ठेवून जायचा, चुपचाप. बावीस-तेवीसचा असेल. त्याच्यासाठी मी काय केलं? एवढंच केलं. त्या खोलीत जाऊन बोलले. ते तू पुसणार?”

“मग काय करायचं? परवा तो ऐकेल आणि...”

“तो एकटा ऐकेल तर मला शोधत येईल. सगळ्या गावाने ऐकलं तर शोधायचं काय उरलं?” तिने माझा दंड सोडला. “इतकी वर्षं दार वाजलं की मी आधी पडद्याआडून बघते, ॲग्नी. तुझं लग्न मोडलं तेव्हा तू या घरी परत आलीस, आणि मला आधी काय वाटलं सांगू? आता दोघी सापडू. आईला असं वाटावं?”

मी उठून दाराची कडी बघून आले.

“फोन इकडे आण,” ती म्हणाली. आणि लॉन्ड्रीतल्या जुन्या बायकांचे नंबर, एकामागून एक, न बघता फिरवायला लागली. “रोझालिया, मी ज्युलिया ह्रिन्को. शुक्रवारी कॉलेजच्या ग्रंथालयात ये. नाही, फोनवर नाही सांगत. फोनवर सांगायचं नसतं, ते माझ्याइतकं कुणाला कळणार?”

११ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉईडसाहेबांना सकाळी सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. परवानगीपत्र काढून पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाले, “इथे ‘संशोधकांसाठी’ असं लिहिलंय. गार्वींसाठी असं कुठे लिहिलंय?” रुमालाने मान पुसली. “मला एवढंच कळतं.”

दुपारी बायका यायला लागल्या. चर्चला जायचे कोट, पर्स पोटाशी धरलेल्या. वाफेने सुजलेली लाल बोटं. इस्त्रीखात्यातली रोझालिया पेटको सगळ्यांत धिप्पाड, ती दारातच उभी राहिली. वर्तमानपत्राची एक मुलगी वही घेऊन आली. आई यंत्राशेजारच्या खुर्चीवर बसली होती, माझा कोट घालून. मी यंत्रापाशी उभी राहिले.

गार्वी आले. दारात थबकले. त्यांचे डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरले.

“मी खासगीत ऐकायचं ठरलं होतं.”

लॉईडसाहेबांनी घसा खाकरला. मला वाटलं, संपलं. “एकाला खुलं ते सगळ्यांना खुलं, मिस्टर गार्वी,” ते म्हणाले. “आमचा नियम आहे. बसा ना.”

गार्वी बसले नाहीत. मी बटण दाबलं. बोटाला घाम होता, दोनदा दाबावं लागलं.

आईचा आवाज खोलीत आला तेव्हा आधी कुणाला कळलं नाही. मग एक मान वळली, मग दुसरी. हुडाकचं नाव आलं तेव्हा रोझालियाने तोंडावर हात घेतला. “पाया पडते” आलं तेव्हा आईने डोळे मिटले. सिनेटरचं ते शेवटचं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं. वर्तमानपत्राच्या मुलीने ते मला पुन्हा लावायला सांगितलं आणि मी लावलं. दुसऱ्या वेळेला ते दुसऱ्या कशाबद्दल वाटलं नाही.

गार्वींनी हॅट घातली. जाताना आईपाशी वाकले. “कान बरे झाले वाटतं, बाई.”

“कानाला काही झालंच नव्हतं,” आई म्हणाली. “जा आणि सांग तुझ्या साहेबाला.”

ते गेले. बायकाही उठल्या. मला वाटलं कुणी आईपाशी येईल, हात धरेल. एकही आली नाही. खुर्च्या सरकल्या, पायऱ्यांवर बूट वाजले, आणि खोलीत आम्ही तिघं राहिलो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बातमी आतल्या पानावर, तीही लहान. फॅलन म्हणतो सगळं खोटं, कानाने अधू झालेल्या म्हातारीची बडबड. रॉजर ब्रॅकेटच्या वकिलाने कॉलेजला धमकावलंय. मला रजेवर पाठवलंय. लॉईडसाहेबांना कॉलेजच्या संचालक मंडळाने बोलावलंय.

आई फोनपाशी बसून असते. कुणाचाही येत नाही.

“त्यांना वाटत असेल,” काल म्हणाली, “ही सगळं ऐकत होती आणि आमच्या पगारातून पैसे कापले जात होते, तेव्हा ही आम्हाला काही बोलली नाही. खरंच आहे ते. सिनेटरला सांगितलं, त्यांना नाही सांगितलं.”

“तू घाबरली होतीस.”

“त्या नव्हत्या घाबरल्या?”

६ नोव्हेंबर, बुधवार

फॅलन पडला. फार मतांनी नाही, पण पडला. सरकारी वकील म्हणतात हुडाकच्या प्रकरणावर ‘विचार करू’. मी आनंदाने ओरडले. आईने दारांच्या कड्या पुन्हा तपासल्या.

“अगं, हरला तो!”

“म्हणूनच,” म्हणाली. “काल त्याच्याकडे गमवायला काहीतरी होतं.”

मग मीही उठले आणि खिडक्या तपासल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

त्या शुक्रवारपासून आई घराबाहेर पडली नव्हती. आज म्हणाली, चर्चला जाऊ. मी नको म्हणत होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर सकाळपासून एक निळी गाडी उभी होती, आत कुणीतरी होतं. तिनेही ती पाहिली होती.

“रोज कुठली ना कुठली गाडी उभी असणारच,” म्हणाली. “चल.”

बसथांब्यापर्यंत तिने माझा हात सोडला नाही. तिची नखं बाहीवरून रुतत होती. वारा बोचत होता. निळ्या गाडीपाशी आलो तशी ती माझ्याहून भराभर चालायला लागली. आतला माणूस वर्तमानपत्र वाचत होता की नाही, मी बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

थांब्यावरच्या बाकावर रोझालिया पेटको आणि लॉन्ड्रीतल्या आणखी दोघी बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचं बोलणं बंद पडलं. आई थांबली. मला वाटलं ती मागे फिरणार. माझा हात सोडून ती तशीच उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून, जणू बस येतेय का बघतेय. बस येत नव्हती. माझ्या पाठीत निळी गाडी टोचत होती आणि समोर त्या तिघी. कुठे बघावं कळेना.

रोझालियाने पर्स मांडीवरून उचलली. एवढी मोठी बाई, तिला हलायला वेळ लागला. शेजारणीला ढुशी दिली, “सरक की गं, भिंत आहेस का?” ती सरकली, तिच्या पलीकडची सरकली, तिची अर्धी बैठक कडेबाहेर गेली. मध्ये वीतभर जागा झाली.

“ज्युलिया,” रोझालिया रस्त्याकडे बघतच म्हणाली, “उभी काय राहिलीस? बस.”

आई बसली. चौघी खांद्याला खांदा लावून इतक्या घट्ट बसल्या होत्या की कुणाला हात हलवता येईना. मी त्यांच्यापुढे उभी राहिले, पाठ गाडीकडे करून.